दुपारचे राखणदार

आदगोंडा चौगुल्यांना मी नऊ आठवडे एकच प्रश्न विचारत होते आणि नऊ आठवडे ते एकच उत्तर देत होते.

"आण्णा, आज त्रास किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे अजिबात सहन होत नाही."

"शून्य लिवा," आण्णा म्हणायचे. "कागदावर गोल काढायला तेवढाच हात वळतो तुमचा."

मी गोल काढत असे. मी वनिता मगदूम, मिरजेच्या आमच्या संशोधन केंद्राची समन्वयक. पदाचं नाव भारदस्त आहे. काम म्हणाल तर पेशंटशी गोड बोलून खरं काय ते काढून घ्यायचं आणि फॉर्मात भरायचं. आधी अकरा वर्षं मी नर्स होते. तेव्हा पेशंट 'फार दुखतंय' म्हणायचे आणि मी 'काही नाही होत' म्हणायचे. आता मी 'दुखतंय का' म्हणून मागे लागायचे आणि पेशंट 'छे छे' म्हणत पाणी पाजून मला परत पाठवायचे. डॉक्टर एवढं करतात, त्यांना कशाला वाईट वाटू द्यायचं, असा आमच्याकडचा रिवाज. या रिवाजाने किती संशोधनांचं मातेरं केलं असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आमचा वॉर्ड दुपारी भरायचा. एक वाजता हिरवे पडदे ओढले जायचे आणि खोलीभर तळ्याच्या तळाशी असतो तसा उजेड पसरायचा. सहा खाटा, सहा माणसं, आणि सहा डोक्यांवर जाळीदार मऊ टोप. त्याचं कंपनीने ठेवलेलं नाव कुणालाच उच्चारता येत नव्हतं. सिस्टर लोक त्याला टोपडं म्हणत. टोपडी चढली की पाच-दहा मिनिटांत सहाही जणांचा श्वास एका लयीत पडायला लागायचा आणि पहाऱ्याला बसलेल्या माझेही डोळे मिटू लागायचे.

या झोपेतच सगळा इलाज होता. तो थोडक्यात सांगते.

आपल्या रक्तात रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतलं एक घराणं कधी कधी बिघडतं आणि बेसुमार वाढत सुटतं. ते मेंदूत वाढलं की लिम्फोमाची गाठ होते; आण्णांना आणि बाकीच्या पाचांना तीच होती. हाडांच्या आतल्या मज्जेत वाढलं की तीव्र रक्तकर्करोग होतो, ज्याला आम्ही अक्यूट ल्युकेमिया म्हणतो. घराणं एकच असल्यामुळे बिघडलेल्या पेशींच्या अंगावरची खूणही एकच असते. पंचाईत होती ती मेंदूची. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने अतिशय बारीक चाळण बसवली आहे आणि बहुतेक औषधं तिच्या अलीकडेच अडकतात. ल्युकेमियात तर रक्त साफ झालं तरी चार पेशी मेंदूच्या आवरणात दडून राहतात आणि सहा महिन्यांनी आजार पुन्हा दारात उभा राहतो.

म्हणून राखणदार पेशी आल्या. पेशंटच्याच रक्तातून लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना ती खूण ओळखायला शिकवायची, चाळणीतून आत जाण्याची युक्ती द्यायची आणि पुन्हा त्याच्याच अंगात सोडायच्या. पहिल्या प्रयोगांत त्या आत गेल्या आणि गाठीवर अशा तुटून पडल्या की मेंदूलाच सूज आली. मग त्यांना खिट्टी बसवण्यात आली. माणूस जागा असेपर्यंत राखणदार झोपलेले. माणूस झोपला की टोपड्यातून सूक्ष्म कंपनं जातात, खिट्टी निघते आणि राखणदार कामाला लागतात. झोपेत मेंदू आतलं पाणी खेळवून दिवसभराचा गाळ धुऊन काढत असतो. मेलेल्या गाठीचा चुराही त्याच पाण्यातून निघून जातो.

काही बिघडलं तर सगळे डॉक्टर हजर असावेत म्हणून आमच्या प्रमुख डॉ. मृदुला इनामदार यांनी दुपारची झोप निवडली. भर दुपारी माणसं झोपतील का, अशी शंका परदेशातल्या केंद्रांनी काढली होती. आमच्या पेशंटांनी ती पहिल्याच आठवड्यात मिटवली.

झोपेत स्वप्नं पडत, सगळ्यांनाच, आणि फार सुंदर. फॉर्मात आम्ही 'सुखद स्वप्ने, उपचाराची गरज नाही' असं लिहीत होतो.

चार वाजता चहा व्हरांड्यात असे. तिथे आण्णा स्वप्न सांगायचे आणि ऐकायला हमखास असायची नीलांबरी कोष्टी. ती एसटीत कंडक्टर होती, इचलकरंजीची, एकतीस वर्षांची. तिला अक्यूट ल्युकेमिया होता आणि तो दोनदा उलटला होता. ती वरच्या मजल्यावर राहत होती, कारण ल्युकेमियाच्या पेशंटांची पाळी लिम्फोमावाल्यांनंतर येणार होती. ल्युकेमियाचं पहिलं नाव तिचंच होतं. घरी तिची चार वर्षांची ओवी होती. संसर्गाच्या भीतीने लहान मुलांना वर सोडत नसत.

"हळदीचं पेव उघडलं," आण्णा एकदा सांगत होते. आण्णा सांगलीच्या मार्केट यार्डातले जुने हळदीचे व्यापारी. हळद साठवायला पूर्वी जमिनीत खोल पेवं खणत. "पेव उघडलं आनि भूपाल कंदील घेऊन आत उतरला. माझा धाकटा भाऊ वो. म्या वरनं वाकून बगितलं तर खाली हळद न्हाईच. खाली आभाळ. निळंशार. भूपाल त्यात चालतोय आनि वर बगून हसतोय, ये म्हनतोय."

"मग उतरलासा काय?" नीलांबरीने विचारलं.

"उतरनार तेवढ्यात ह्या बाईंनी टोपडं काढलं की." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि दोघंही माझ्यावर हसली.

पुढच्या सोमवारी खुद्द भूपाल चौगुले भावाला भेटायला आले. हातात कवठाच्या बर्फीचा डबा होता. आण्णांनी खाटेवरून उठून त्यांना हात जोडले.

"या, बसा. कुठनं आलासा?"

भूपाल चौगुले हसले. आण्णांचा मुलगा सुकुमार शेजारी होता, तोही हसला. आण्णांना थट्टेची सवयच होती. मग आण्णाही हसले, पण हसण्याआधी त्यांची नजर आमच्या तिघांच्या चेहऱ्यांवरून भरभर फिरली, आणि ती मी पाहिली. त्या नजरेत थट्टा नव्हती. ती घाबरलेली होती.

डॉक्टरांनी दर आठवड्याला केलेल्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत आण्णा पैकीच्या पैकी गुण मिळवत होते. आजचा वार, उलटे आकडे, पाच शब्द, सगळं बरोबर. चाचणीत भावाबद्दल काही विचारत नसत.

घरी गेल्यावर मी भाकरी थापता थापता थांबले. माझे वडील त्याच यार्डात तोलार होते, म्हणजे काट्यावर बसून पोती जोखणारे. आता सगळे सौदे पडद्यावर होतात, पण माझ्या लहानपणी ते रुमालाखाली होत. घेणारा आणि देणारा हातात हात घेणार, वर रुमाल टाकणार आणि बोटं दाबून आकडा सांगणार. तोंडाने मात्र दोघंही भलतंच काहीतरी बोलत राहणार. चारचौघांत तोंडाने सांगितलेला आकडा खरा असतो, असं यार्डात शेंबडं पोरही मानत नसे. आणि आम्ही त्या माणसाला नऊ आठवडे, मुलादेखत, डॉक्टरांदेखत, सहा खाटांच्या मध्ये उभं राहून मोठ्याने आकडा विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी सुकुमारला मी औषधाच्या दुकानात पाठवलं. आण्णांचा डोक्याला बांधायचा पांढरा रुमाल उशाशी होता. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. आण्णा चमकले.

"कुनाची गं तू?"

"दादू तोलाराची."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आज त्रास शून्यच हाय बगा," असं मोठ्याने म्हणाले, आणि रुमालाखाली माझी पाची बोटं दाबून सोडली. मग तीन दाबली.

आठ.

मी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "कशाचा त्रास, आण्णा?"

"सपनांचा." आता तेही हळू बोलू लागले. "सोन्यासारखी पडत्यात गं. पन सपनात जे मानूस येतं, ते जातं. उठल्यावर धा मिंटं ऱ्हातं, च्या पिऊन हुईस्तवर. मग पुसतंय. पेवाचं सपान म्याच सांगितलं म्हनं. ती वरची पोरगी परवा म्हनाली, आण्णा, तुमचा भूपाल आभाळात उतरला न्हवं का. म्या इचारात पडलो, कोन भूपाल? सुकुमार फोटोत एक म्हातारी दावतो, तुमची आई म्हनतो. आसंल. चांगली दिसती बाई."

"हे सांगायचं नाही का आम्हाला?"

"सांगितल्यावर काय करशीला? बंदच न्हवं?" त्यांनी छताकडे हात केला. "तिची पाळी सोमवारी हाय. दोनदा उलटलाय आजार. तिला किती दिस हायत ते मला न्हाई, तुलाच म्हाईत. म्या अठ्ठ्याहत्तर वर्सांचा. माझं चार जनं पुसलं तर कुनाचं काय आडलं?"

मी नको तो प्रश्न विचारला. "आणि तुमच्या घरच्या?"

त्यांच्या पत्नी, जिनमतीबाई, सहा वर्षांपूर्वी गेल्या होत्या. आण्णा त्यांचं नाव घेत नसत, जुन्या रीतीप्रमाणे 'सुकुमारची आई' म्हणत.

"ती हाय आजून," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम उघडा पडला. "ज्याचा इचार करत डोळा लागतो न्हवं, बहुतेक तेच येतं सपनात. म्हनून म्या झोपताना तिचा इचारच करत न्हाई. पोती मोजतो. यार्डातली नको असल्याली मानसं आठवतो. ती दारात येऊन उभी ऱ्हाती कंदी कंदी. म्या तिला म्हनतो, आत येऊ नगंस. बाई, सा वर्सं तिला बगायला जीव तुटतोय माझा, आनि आता बगायची सोय झालीया तर म्याच तिला दारातनं म्हागारी धाडतोय."

मी रुमाल काढू लागले तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. "रुमालाखालचा आकडा भाईर जात न्हाई. तोलाराच्या पोरीला म्या काय शिकवायचं?"

पुढचे दोन दिवस माझे फार वाईट गेले. आठ लिहिला की प्रयोग थांबणार हे उघड होतं, आणि प्रयोग थांबला की नीलांबरीची पाळी लांबणार. तिच्या रक्ताचे रिपोर्ट माझ्याच टेबलावरून जात होते. तीन आठवडे निघाले तर निघाले, एवढीच त्यांची भाषा होती. नाही लिहिला तर तिचा जीव वाचण्याची शक्यता चांगली होती. आण्णांचं गणित मला पटलंही असतं. चार माणसं विसरून जीव वाचत असेल तर कोण नको म्हणेल, असं मी स्वतःला दोन दिवस समजावत होते.

तिसऱ्या दिवशी संमतिपत्रावर सही घ्यायला मी नीलांबरीकडे गेले. तिने तिकिटाच्या मशीनवर बोटं चालावीत तशी भराभर सगळ्या पानांवर सही केली आणि विचारलं, "मॅडम, मला बी आण्णांसारखी सपनं पडतील का हो?"

"का गं?"

"ओवीला बघून दोन महिनं झालं. व्हिडिओवर धड बसत न्हाई ती, पळती. सपनात तरी नीट बघीन. मी ठरवलंयच, डोळं मिटताना तिलाच आठवायचं, तिलाच."

मी सही केलेली पानं उचलली, जिना उतरले, टेबलाशी बसले आणि आण्णांच्या फॉर्मात आठ लिहिला. लिहिताना रडू येत होतं.

डॉ. इनामदारांनी सगळं शांतपणे ऐकलं. "रुमालाखाली?" त्यांनी एकदाच विचारलं.

"हो."

"देखरेख समितीला हे मी कसं सांगू, वनिताताई?"

"जसं झालं तसं सांगा."

त्या संध्याकाळी प्रयोग थांबला आणि एकोणीस दिवस थांबून राहिला.

आत काय होत होतं ते चौथ्या दिवशी कळलं. आठवण म्हणजे मेंदूतल्या पेशींनी एकमेकींशी केलेली जोडणी. स्वप्नात एखादी आठवण उजळते तेव्हा ती जोडणी थोडा वेळ सैल होते आणि मग पुन्हा घट्ट बसते. राखणदारांच्या मागोमाग मेंदूच्या स्वतःच्या झाडलोट करणाऱ्या पेशीही गाठीचा चुरा उचलायला येत होत्या, आणि चुऱ्याबरोबर त्या सैल जोडण्याही उचलून नेत होत्या. बाकीच्या पाचही पेशंटांच्या घरी फोन केले. प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं होतं. एका मास्तरांची तर अख्खी शाळा गेली होती, आणि तेही फॉर्मात शून्यच सांगत होते.

उपाय त्यानंतर सापडला. झोपेचा पहिला भाग गाढ असतो, त्यात अशी स्वप्नं पडत नाहीत. जुनी खिट्टी एकदा निघाली की जाग येईपर्यंत लागत नसे, म्हणून फक्त गाढ झोपेपुरतीच निघेल अशी नवी खिट्टी बसवायची. फॉर्मही बदलला. त्यात एक नवा रकाना आला, 'विसरलेली व्यक्ती', आणि त्याच्या शेजारी 'नाते'.

पण हे सगळं व्हायला एकोणीस दिवस लागले. नीलांबरीला ताप भरला, तो उतरेना. रक्ताच्या पिशव्या चढत राहिल्या. बाराव्या दिवशी तिने मला बोलावलं. तिला सगळं कळलं होतं.

"आण्णांनी माझ्यासाठी लपवलं. तुमी माझ्यासाठी सांगितलं," ती म्हणाली. ओठ सोलले होते, पण आवाजात गाडी थांबवायची धमक होती. "मला कुनी इचारलं?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"ते आता कसं सांगू? तवा इचारायचं हुतं."

ती बरोबर होती.

तिच्या पेशी अजून प्रयोगशाळेतच होत्या, म्हणून त्यांची खिट्टी बदलता आली आणि विसाव्या दिवशी त्या तिला दिल्या. दोन दुपारी झाल्यावर ताप उतरला, पाचव्या दुपारनंतर तिच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात एकही वाईट पेशी सापडली नाही. उठल्यावर तिची कुरकूर असे, "सपान न्हाई, काय न्हाई, झोप फुकट गेली." ओवीचा वाढदिवस, तिच्या हनुवटीवरची खूण, कुठल्या गाण्यावर ती झोपते, सगळं तिच्यापाशी होतं. हे मी रोज विचारून घेत होते, फॉर्मात जागा नसली तरी.

आण्णा माझ्याशी बोलत नव्हते. मी आले की ते भिंतीकडे तोंड करत. प्रश्नाचं उत्तर सुकुमारला देत आणि सुकुमार ओशाळून ते मला सांगत असे. त्यांच्या लेखी मी यार्डातला सगळ्यात मोठा गुन्हा केला होता. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही, कारण गुन्हा मी केलाच होता.

मग त्यांचा स्कॅन आला. गाठ गेली होती, फक्त मेंदूच्या आत खोलवर मोहरीएवढा कण उरला होता. तो ठेवून चालणार नव्हतं. डॉ. इनामदारांनी त्यांच्या समोर बसून काही न लपवता सांगितलं, "आण्णा, तुमच्या रक्तातून पुन्हा नव्या पेशी तयार व्हायला दोन महिने लागतील, तेवढा वेळ हा कण देणार नाही. जुन्या पेशी तुमच्या डोक्यात आहेत. एक दुपार पुरेल. पण स्वप्न पडेल, आणि त्यात येईल ते माणूस जाईल. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही दुसऱ्या औषधांनी जमेल तेवढं करू."

आण्णांनी एक बोट वर केलं. "एकच दुपार?"

"एकच."

"मग करा की."

तो गुरुवार होता. पडदे ओढलेले, हिरवा उजेड, बाकीच्या खाटा रिकाम्या. मी दाराबाहेर बसले होते. सुकुमार बाहेर आला. "मगदूम मॅडम, आण्णा तुम्हाला आत बोलावतायत."

मी आत गेले. टोपडं चढवलेलं होतं. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे तोंड केलं.

"बस हितं. चष्मा काढ."

"का हो, आण्णा?"

"काढ म्हनल्यावर काढावा."

मी काढला. ते माझा चेहरा बघत राहिले. कपाळ, नाक, गालावरचा लहानपणी पडल्याचा व्रण. मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

"बोल कायतरी. तुझा बा कसा होता सांग. काट्यावर बसल्याला बगितलाय म्या, घरात कसा होता?"

मी सांगायला लागले. वडील यार्डातून आले की त्यांच्या अंघोळीचं पाणी पिवळं व्हायचं. आई म्हणायची, न्हाणीघराची भिंत एकदाची पांढरी बघू दे. आम्ही बहिणी त्या पिवळ्या पाण्यात पाय बुडवून नवरी-नवरी खेळायचो. आण्णा मध्येच म्हणाले, "आवाज घोगरा हाय तुझा, लक्षात ऱ्हातो." आणि मी पुन्हा सांगत राहिले.

बोलता बोलता मला कळलं. आज ते पोती मोजत नव्हते. मोहरीएवढ्या कणासाठी एकच स्वप्न पडणार होतं आणि दारात त्यांची बायको उभी होती. तिला बाहेरच ठेवायचं तर तिच्या जागी कुणीतरी ठसठशीत माणूस हवं होतं, ज्याच्यावर राग आहे, लोभ आहे, ज्याचा विचार मनातून हटत नाही असं. ते त्यांनी शोधलं होतं.

मला उठून जाता आलं असतं. नाही गेले. मला फार वाईट वाटत होतं आणि कधी कुणी दिला नसेल एवढा मान मिळाल्यासारखंही वाटत होतं. मी बोलत राहिले. आणखी चांगल्या गोष्टी सांगितल्या, ज्या मी कुणालाच सांगितल्या नव्हत्या. आण्णांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, ते तसेच हळूहळू मिटले.

दोनच्या सुमाराला त्यांच्या पापण्यांखाली बुबुळं हलू लागली. मग ते हसले. खोलीत टोपड्याची बारीक गुणगुण तेवढी चालू होती. पावणेतीनला सिस्टरने कंपनं बंद केली आणि तीन वाजता आण्णा जागे झाले.

"आलीस व्हय," ते मला म्हणाले. "यार्ड सगळा पिवळा झालता. धूळ न्हाई, ऊनच पिवळं. तुझा बा काट्यावर बसल्याला. तू ल्हान हुतीस, पाय पिवळं तुझं. म्या तुझ्या बाला म्हनलं, दादू, तुझ्या पोरीवर लई राग हाय माझा, जोखून दे. त्यानं पारड्यात टाकला. पारडं हललंच न्हाई गं. दादू म्हनतोय, आण्णा, ह्यात वजनच न्हाई."

"मग?"

"मग काय, हसलो दोगं."

सुकुमारने चहा आणला. आण्णांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला. मी खुर्चीवरच बसून होते, त्यांच्याकडे बघत. ते खिडकीतून बाहेर बघत होते. बशी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि जरा सावरून बसले.

"बाई, तुमी कुनाकडं आलाय?"

सुकुमार मी कोण ते सांगायला पुढे झाला. मी मानेनेच त्याला थांबवलं. मग त्याने विचारायचं होतं ते विचारलं, "आण्णा, आईचं आठवतंय?"

"आता हे काय इचारनं झालं?" आण्णा वैतागले. "तुझ्या आईचं इसरंन व्हय म्या? परक्या बाईम्होरं काय बी बोलतोस. थंडीत हळद घालून दूध द्यायची, साय समदी तुला आनि मला नुसतं पिवळं पानी. चाळीस वर्सं भांडलो त्यावरनं." आणि ते बोलतच राहिले, लुगड्याचा रंग, हाक मारायची तऱ्हा, शेवटच्या आजारात तिने मागितलेलं कवठ. सुकुमार पायाशी बसून ऐकत होता.

मी उठून टेबलाशी आले. त्या दिवसाचा फॉर्म भरायचा होता. तारीख लिहिली, वेळ लिहिली. 'विसरलेली व्यक्ती' या रकान्यात वनिता दादू मगदूम असं लिहिलं. शेजारचा 'नाते' हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, फॉर्म पुढे जात नाही. आतून आण्णांचा आवाज येत होता. मी लिहिलं, घरचं माणूस.